दुसरा मासा

टेबलावर चार ताटल्या होत्या आणि मधल्या थाळीत सात तळलेले मासे. घर हॅम्बुर्गमधलं, यानच्या आईचं. मी यानशी लग्न करावं का, हे ठरवायला माझे वडील, आबा, मिठबावहून आले होते. पहिला मासा संपल्यावर यानच्या आईने त्यांना आणखी हवा का विचारलं. आबांनी आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे ताटलीवर हात आडवा धरला. बाईंनी थाळी उचलून फ्रिजमध्ये ठेवली. “परत इचारल्यान नाय गो,” आबा हळूच म्हणाले. “आमच्याकडे मांजराक पण दोनदा इचारतत.” “हय एकदाच इचारतत, आबा.” “मगे आधी सांगूचा नाय?” कॉफी आली. बाईंनी विचारलं, “आमचा यान तुम्हाला पसंत आहे?” मी भाषांतर केलं. ताईच्या वेळी जावई पसंत असूनही आबांनी तीन बैठका ‘बघूया’वर काढल्या होत्या. आज त्यांनी हातातला कप खाली ठेवण्याआधीच “येस” म्हटलं.