इसुरूची सुटका

"सही झाली. पण हा कागद आजच्या आज मुलाच्या हातात पडला पाहिजे," गमगेबाईंनी शिक्का मारता मारता बजावलं. "उद्या चारच्या आत तो नव्या विद्यापीठात हजर झाला नाही, तर जागा गेली म्हणून समजा."

सीलावतीने कागद कपाळाला लावला. लेकाच्या विद्यापीठ-बदलीच्या ह्या कागदासाठी आठ महिने तिने कोलंबोच्या ह्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते. दर खेपेला तिस्सा गावाहून सहा-सात तासांचा बसप्रवास, मांडीवर दह्याचं मडकं. साहेब मडकं ठेवून घेत आणि पुढच्या महिन्यात या म्हणत.

"रडू नका हो अक्का. सुटला पोरगा तुमचा."

"सुटला कसला, मिस! डोळ्यांनी बघेपर्यंत माझ्या जिवात जीव नाही."

इसुरू म्हणजे गावातून विद्यापीठात गेलेला पहिला पोरगा. गावाने फटाके वाजवून पाठवला त्याला. आणि महिनाभरात तो फोनवर हुंदके द्यायला लागला. वरच्या वर्गातली पोरं रात्र रात्र झोपू देत नव्हती. भातात वाळू कालवून तो गिळायला लावत होती. तक्रार करायची तरी कुणाची? नवीन पोरांना त्यांची टोपणनावं तेवढी ठाऊक, खरी नावं कुणी सांगतच नसे. तिथली रीतच होती ती. "अम्मा, मला इथून काढ," तो म्हणाला होता, "नाहीतर एक दिवस माझं प्रेतच घरी येईल." त्या दिवसापासून सीलावतीच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

मागचे दोन महिने, विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झाल्यापासून, तर फोनही आटले होते. "बरा आहे. येऊ नकोस," एवढंच बोलून ठेवून द्यायचा. शेजारी कुणीतरी उभं राहून त्याला हे बोलायला लावतंय, एवढं न कळायला ती काय दूधखुळी होती?

कचेरीतून ती थेट बसमध्ये बसली. वसतिगृहाशी पोचली तेव्हा दोन वाजले होते. फाटकाजवळ एक पोरगा पाण्याच्या बाटल्यांचं ओझं घेऊन चालला होता. पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, नजर जमिनीला खिळलेली. अगं बाई, एवढंसं तोंड झालंय लेकराचं, तिच्या मनात आलं.

"बाळ, इसुरू विजेकोन कुठे राहतो रे? उंच, हडकुळा. तिस्साचा."

"नावं नाही माहीत, अम्मा."

"मी आई त्याची. त्याला घरी न्यायला आलेय."

पोराने चोरून मागे पाहिलं. "सगळे मागच्या हॉलमध्ये आहेत. पण तिकडे नका जाऊ, अम्मा. मी सांगितलं असं तर मुळीच सांगू नका."

सीलावती धावत सुटली. चप्पल वाटेत निसटली, ती उचलायलाही थांबली नाही. हॉलचं दार आतून बंद होतं आणि आतून कण्हण्याचे आवाज येत होते. ती खिडकीला भिडली.

वीसेक पोरं कान धरून गुडघ्यांवर बसली होती. अगदी खिडकीपाशी, पाठमोरा एक. तीच बारीक मान, तेच वर आलेले खांदे. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, अंग थरथरत होतं. माझं बाळ! तिने खिडकीचे गज धरून गदागदा हलवले.

त्या आवाजाने पोराने दचकून मान वळवली. रडून सुजलेला चेहरा. कुणा दुसरीचं लेकरू होतं ते.

"मान वळवायला कुणी सांगितलं रे, कुत्र्या?" हॉलच्या दुसऱ्या टोकाहून कुणीतरी ओरडलं.

तो आवाज ओळखायला सीलावतीला तोंड बघावं लागलं नाही.