म्लादेनचा गुडघा

“सैन्यात धाडताना निरोपाला दोन डुकरं कापली. आख्खं गाव जेवलं. आणि पोरगं दोन महिन्यांत काठी टेकत परत! मी दिलेला भरतकामाचा टॉवेल तेवढा फुकट गेला.”

“हळू बोल गं. कुंपणापलीकडं तिहोमीर आहे.”

कुंपणापलीकडं तिहोमीर होताच. आलुबुखाराच्या झाडाखाली, बादली घेऊन. त्याला बघून दोघी शेजारणी अशा गोड हसल्या, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

हल्ली असंच चाललं होतं. तो आला की बोलणी बंद. दुकानात, राकिया गाळायच्या दारूच्या भट्टीवर, चर्चच्या पायरीवर. जो सैन्याला चालला नाही तो पोरीला काय चालणार, ही गावातली जुनी म्हण. ती त्याच्यासमोर कुणी म्हणत नव्हतं, म्हणून त्याला जास्तच ऐकू येई. त्याच्या म्लादेनशी ठरलेल्या रूझाच्या बापाने, बोरिसावने, सोयरीक मोडली नव्हती. पण लग्नाची तारीखही धरत नव्हता.

आणि निरोप तरी केवढा दिला होता पोराला! ॲकॉर्डियनवाला तीन गावं ओलांडून आणलेला. म्लादेनच्या खांद्यांवर मानाचे टॉवेल, पोरांचा टेबलावर नाच, हवेत बंदुका. पुढचं तिहोमीरला नीटसं आठवत नव्हतं. उजाडलं तेव्हा त्याचा खांदा ठणकत होता; बंदूक उडवून उडवून भरून आला असणार. स्टेशनवर म्लादेन रूझाच्या गळ्यातला हात काढेना. डब्यात चढला तोही तिच्याच आधाराने. सगळे रडत होते. तिहोमीर एकटा हसला होता. “सोड रे तिला! वर्षाचाच तर प्रश्न आहे!”

वर्ष कसलं. सैन्याने उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवून पोरगं घरी पाठवून दिलं, कायमचं.

म्लादेनने घरात सांगितलं, भिंतीवरून उडी मारताना पडलो. भट्टीवर सांगितलं, खंदकात पाय अडकला. तिहोमीरने दोन्ही ऐकलं.

“भिंत की खंदक?”

“भिंतीपलीकडं खंदक होता, बाबा.”

“तुला कुणी मारलं का तिथं? कॅप्टनने? नाव सांग फक्त. ज्याने तुझा पाय मोडला, त्याचे दोन्ही मोडतो की नाही बघ.”

बायकोच्या, स्तामेनाच्या, हातातला डाव चुलीवर आपटला. “अहो, झालं ते झालं. जेवा आता.”

“राकियाची बाटली कुठंय?”

“कपाटात. पाहुण्यांसाठी राहू दे.”

कपाटाला कुलूप होतं. चाळीस वर्षांत त्या कपाटाला कुलूप कधी नव्हतं. बायकोलाही पोराची लाज वाटत असणार, म्हणून घरात चार माणसं जमायला नकोत तिला, असं तिहोमीरने मनाशी धरलं.

शनिवारी एनेस आला. म्लादेनचा छावणीतला सोबती, बोस्नियाचा, सुट्टीवर निघालेला. मोकळा पोरगा. कॉफी तोंडाला लावायच्या आत बोलायला लागला.

“काका, याचा हट्ट काय सांगू! पहिल्या दिवसापासून लंगडत होता. याचं ओझं आम्ही आळीपाळीने उचलायचो. डॉक्टरकडं चल म्हटलं की गयावया करायचा, सांगू नका म्हणून.”

“पहिल्या दिवसापासून?” तिहोमीरने विचारलं.

एनेसने म्लादेनच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं कॉफीच पीत राहिला.

तिहोमीरला रात्रभर झोप नाही. पहिल्या दिवसापासून! म्हणजे भिंत नाही, खंदक नाही. गाडीतून उतरतानाच पोराने लंगडायला सुरुवात केली होती. जायचंच नव्हतं त्याला. रूझाला सोडून जाववलं नाही. मग बापाला डुकरं तरी का कापू दिली?

दुसऱ्या दिवशी बोरिसाव आणि रूझा जेवायला आले. तिहोमीरने ओळखलं, सोयरीक मोडायलाच आलेत.

सूप संपेतो बोरिसाव हवापाण्याचं बोलला. मग घसा खाकरून म्हणाला, “तारीख धरू रे आपण. पण आधी एक ठरवू. लग्नात राकिया ठेवायचीच का?”

“राकियाशिवाय लग्न? ते लग्न की मयत? अरे, मयताला तरी असते!”

“तसं नाही रे...”

“कसं ते कळतंय मला. सबब शोधतोयस.” तिहोमीर उभा राहिला. “शोधू नकोस, मीच देतो. मी कुणाला फसवून सून आणणारा माणूस नाही. हा छावणीत पडलाच नाही. पहिल्या दिवसापासून सोंग करत होता. त्याच्या सोबत्यानेच सांगितलं काल, याच टेबलावर. अशाला तू पोर द्यावीस असं मी म्हणणार नाही.”

तो म्लादेनकडे वळला.

“सांग ना रे! खोटं आहे का हे?”

म्लादेन ताटाकडे बघत होता. “खरं आहे, बाबा. सोंगच केलं.”

“ऐकलंस, बोरिसाव?”

बोरिसावने मान खाली घातली. स्तामेनाने ॲप्रनच्या टोकाने डोळे टिपले. रूझा मात्र सरळ तिहोमीरकडे बघत होती.

“रूझा, नको,” म्लादेन हलकेच म्हणाला. “तू शब्द दिलायस.”

“मोडते मी.” ती उभी राहिली. “तिहोमीरकाका, त्या निरोपाच्या रात्री हा नाही नाही म्हणत असताना तुम्ही याला खांद्यावर उचललंत आणि टेबलावर चढलात नाचायला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. हा आधी पडला, दगडी पायरीवर. मग तुम्ही पडलात, काका. याच्या गुडघ्यावर.”