जिवंत लस

गेल्या वर्षी लाल चट्ट्यांच्या रोगानं आरिफाच्या शेततळ्यातले सगळे मासे आठ दिवसांत मेले. बांधाशी खड्डा करून ते पुरताना तिची सासू जैबुनबी ढसाढसा रडली होती. म्हणून यंदा आरिफा चार महिने संशोधकांच्या मागे लागली, तेव्हा कुठे चाचणीतल्या लसीची एक बाटली तिला मिळाली.

आज सकाळी संशोधक शाम राठोड बर्फाच्या डब्यात ती बाटली घेऊन घाटंजीजवळच्या तिच्या शेतावर आले. मोठ्या टबात लस कालवून त्यांनी माशांची पिल्लं त्यात सोडली.

"ही जिवंत लस आहे, ताई. त्याच रोगाचे जंतू, पण कमजोर केलेले. तासभर पिल्लं यातच राहू द्या, मग तळ्यात सोडा. यंदा दुसरी बाटली मिळायची नाही."

आरिफा त्यांना गाडीपर्यंत सोडून परत आली, तर टबातलं पाणी गुलाबी झालेलं. टबाशी जैबुनबी उभी होती.

"अम्मी, काय टाकलं यात?"

"विहिरीत टाकतो ना, थे लाल दवा." जैबुनबीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तू लय भोळी हायेस बेटा. त्यानं काय सांगतलं, तुह्या ध्यानातच नाही आलं. मले आलं."

गाडी केव्हाच निघून गेली होती. त्या म्हाताऱ्या हातांवर आरिफाला रागावताही येईना.



"रोगाचे जिते जंतू सोडून गेला होता थो. मी सारेच्या सारे मारून टाकले."