मामाची जागा

"साहेब, तुमी इमान विकलं. ज्यानं तुमच्या गाडीवर दगड घातला, त्याच्याच गळ्यात पडा म्हणता?"

आश्रुबा स्टेजवर बोलला. नांदूरघाटच्या सभेत आज दोन्ही गटांची युती झाली होती. कालचे वैरी पुढारी एका सोफ्यावर बसले होते. गावातलंही वैर मिटलं, हे दाखवायला साहेबांनी आपल्या गटातल्या आश्रुबाला आणि पलीकडच्या गटातल्या राधाकिशनला वर बोलावलं होतं. फोटोसाठी मोबाईल वर झाले होते.

"दाजीला मिठी मारायला लाजतो काय बे?" खालून कोणीतरी ओरडलं. माणसं हसली.

राधाकिशन आश्रुबाचा सख्खा दाजी. दगड पडला त्या दिवसापासून आश्रुबानं बहिणीचा उंबरा सोडला. भाचीचं लग्न निघालं, तेव्हा साहेबांचा निरोप आला, त्या मांडवात जाईल तो आपला न्हाई. आश्रुबा गेला नाही. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. भटजींनी मामाला पुकारलं, पुन्हा पुकारलं. शेवटी पोरगी एकटीच चालत आली.

राधाकिशननंही हात पुढं केले नाहीत.

"मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं व्हतं ह्याला, दगड आमचा न्हाई. हा तोंडावर थुकला माझ्या."

"मग कुणाचा व्हता? आभाळातून पडला?" आश्रुबाच्या मुठी वळल्या.

साहेबांनी माईकवर हात ठेवला. दोघांच्या मध्ये आले. आवाज खाली घेतला.

"सोड बे आता. गाडीची काच आपल्याच पोरांनी फोडलती. नुसत्या कामावर मतं पडतात व्हय? माणसं एका जागी धरायला राग लागतो."

"आमच्याकडं बी तेच," सोफ्यावरचे दुसरे पुढारी म्हणाले. दोघंही हसले. जुन्या दोस्तांसारखे.

आश्रुबा राधाकिशनकडं बघत राहिला. राधाकिशननं मान फिरवली.

मग आश्रुबानं खिशातून मोबाईल काढला. बहिणीचा, केशरबाईचा नंबर त्यानं कधीच पुसला नव्हता. त्यानं तो लावला, स्पीकर चालू केला आणि साहेबांच्या हाताखालचा माईक ओढून फोनला लावला.

"कोण? आश्रुबा? आरं, बोल की."

बहिणीचा आवाज सगळ्या मैदानात घुमला.

आश्रुबानं फोन आणि माईक दोन्ही साहेबांच्या तोंडाशी धरले.

"पोरीचा मामा मांडवात का आला न्हाई? तिला सांगा, साहेब."