बोलणारी माणसं

"पाणी गार आहे," ऑर्विल म्हणाला.

ग्रेचेनचा हात त्याच्या खांद्यावर तसाच थांबला. तिने टबात बोटं बुडवून पाहिली. गारच होतं.

"बदलून आणते," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. वीस वर्षं ती माणसांना आंघोळ घालत आली होती, पण गावातल्या लिंडक्विस्टच्या फ्युनरल होममध्ये. अंग पुसायचं, कपडे चढवायचे, चेहऱ्याला जरा रंग द्यायचा आणि घरचे यायच्या आत शवपेटीत नीट निजवायचं. पाणी कसं आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात, बेसिनपाशी, कॉलीन औषधांची गाडी भरत होती. इथली नर्स. ग्रेचेनने नळ सोडला आणि गरम पाणी यायची वाट बघत उभी राहिली.

नर्सिंगच्या दोन वर्षांच्या पदवीला कॉलेजात तिची जागा ठरली होती. त्याआधी मदतनिसाचं काम शिकावं लागतं, म्हणून ती इथे येत होती. आणि परवा चर्चमधून बाहेर पडताना लिंडक्विस्टने तिला बाजूला घेतलं होतं. "मी थकलो ग्रेचेन. भागीदार हो, पुढे सगळं तूच बघ." उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. हो म्हटलं, तर उद्यापासून इथे यायचं कारण उरत नव्हतं.

"कॉलीन, सेहेचाळिसाव्या वर्षी ही पदवी घेण्यात काही अर्थ आहे का ग?"

"बरं वाटेल असं सांगू, की खरं?"

"खरं."

"शहरातली मोठी हॉस्पिटलं चार वर्षांची पदवी मागतात. दोन वर्षांवर तुला आमच्यासारखं कुणीतरी घेईल, आणि नको त्या पाळ्या तुझ्याच गळ्यात मारेल. तुझ्या लेकीच्या वयाची पोरगी तुझ्यावर हुकूम सोडेल. मी बँकेच्या खिडकीत बसायचे. बेचाळिसाव्या वर्षी नर्स झाले, आणि कंबर कामातून गेली. परत खिडकीत बसशील का विचारलंस, तर नाही बसणार. पण ते माझं झालं." तिने गाडीला कुलूप घातलं. "तुझ्या लिंडक्विस्टकडे निदान कुणी अंगावर ओकत तरी नाही."

"नाही ओकत," ग्रेचेन म्हणाली. "काहीच करत नाहीत."

ती गरम पाणी घेऊन परत आली आणि मुकाट्याने कामाला लागली. ऑर्विलने जन्मभर डुकरं पाळलेली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"बोलत का नाहीस ग? मेलो नाहीये मी अजून."

"सवय नाही मला."

"ठाऊक आहे. लिंडक्विस्टकडची ना तू? आमच्या आयलीनला तूच तयार केलं होतंस."

ग्रेचेनला आठवलं. निळा झगा, बारीक मोत्यांची माळ. "सुंदर दिसत होत्या," ती म्हणाली.

"दिसत होती. पण भांग भलत्याच बाजूला पाडलास तू तिचा. उजवीकडे पाडायची ती, कायम. मी पेटीपाशी उभा, आणि मला वाटतंय, ही दुसऱ्याच कुणाची तरी बायको."

ग्रेचेनच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं. "मग तेव्हा सांगायचं ना! मी लगेच..."

"मागे लोकांची रांग होती. आणि तक्रार करायची तर तिनं करायची. ती काही बोलेना."

खोलीतून निघून जावं, असं ग्रेचेनला वाटलं. किती डोकी तिच्या कंगव्याखालून गेली होती. घरची माणसं हात हातात घेऊन आभार मानायची, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर समाधान वाचायची.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला एवढंच हवं होतं, किंवा तेवढंही नको होतं. "पाठ राहिली," तो म्हणाला.

तिने पाठ पुसली. लुळा हात आधी बाहीत घातला, मग दुसरा. बटणं लावली. खणातून कंगवा काढला आणि ओल्या पांढऱ्या केसांवर नेला. तिथे ती थांबली.

"तुमचा कुठल्या बाजूला?"

शेत विकायचं की ठेवायचं असं कुणी विचारावं, तसा ऑर्विल विचारात पडला.

"डावीकडे," तो अखेर म्हणाला. "पण उद्या बदलेनही. विचारून पाडत जा."

"उद्या विचारते," ग्रेचेन म्हणाली.