उरलेलं कुलूप

एक नंबरच्या जनरेटरच्या स्विचवर अजून एक लाल कुलूप लटकत होतं.

काम उरकलं होतं. बेअरिंग बदललं, झाकणं बसली, आठही माणसं बाहेर आली. प्रत्येकाने आपापलं कुलूप काढून घेतलं आणि हे एक उरलं. त्यावरचं नाव तेलाने पुसलं होतं.

"कुणाचं?" ताईंनी विचारलं. खाणीच्या वीजघराची ही टोळी अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली होती.

माणसं हत्यारं पुसत राहिली.

नियम ताईंनीच घालून दिलेला होता. मशीनमध्ये शिरणाऱ्याने स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली अंगावर ठेवायची, म्हणजे तो आत असताना कोणी मशीन चालू करू शकणार नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं.

मॅनेजरचा फोन आला. "तोडून टाका. दुसरा जनरेटर एकटा किती वेळ भार ओढणार? खाली साठ माणसं आहेत. हवेचा पंखा थांबला तर?"

"आज तोडलं, तर उद्या या कुलपावर भरवसा ठेवून कोण आत शिरेल, साहेब? अर्धा तास द्या."

त्यांनी बॅटरी घेऊन मशीनचा कोपरान्‌कोपरा स्वतः पाहिला. आत कोणी नव्हतं.

म्हातारा फिटर जवळ आला. "ताई, सगळ्यांना जेवायला पाठवू का? आपण दोघं बघू."

"कोणी हलायचं नाही. किल्ल्या दाखवा."

आठ जणांनी कुलूप-किल्ली पुढे धरली. राहिला तो सकाळच्या गाडीने सुट्टीवर गेलेला वेल्डर. ताईंनी वायरलेसवरून गाडी थांबवली.

"माझं कुलूप माझ्या पेटीतच आहे, ताई," वेल्डर वायरलेसवर म्हणाला. ताईंनी वीजघरातली त्याची पेटी उघडली. होतं.

ताई स्टुलावर बसल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी लपवतोय. चूक कुणाचीही होते. ती मी पोटात घालीन. लपवाछपवी नाही."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"जा, जेवून या," त्या शेवटी म्हणाल्या.

माणसं गेली. फिटर मात्र थांबला. त्याने दार लोटलं, चिंधीला हात पुसले.

"ताई, तुमच्या गळ्यातली किल्ली लावून बघा."

"माझी? मी आज मशीनला हात तरी लावला का?"

"सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्हीच आत गेला होतात."

ताईंनी हसतच किल्ली लावली. ती सहज फिरली. उघडलेलं कुलूप हातात घेऊन त्या फिटरकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच," फिटर हळूच म्हणाला. "तुम्ही कुलूप विसरायची या महिन्यातली ही पाचवी खेप. एरवी किल्ली तुमच्या टेबलावरच राहिलेली असते, म्हणून तुम्हाला कळायच्या आत आम्ही कुलूप काढून तुमच्या खणात ठेवतो. आज ती गळ्यात होती."