पडली ती पडली

नाथाची सावली आईच्या मेथीच्या जुड्यांपासून हातभर अलीकडं आली आणि नाथाचे पाय जागीच थिजले.

"थांबलास का रे छायादासा?" मागून महंत खेकसले. "पुढं हो!"

आता तुम्हीच सांगा, पुढं होणार कसं? त्या काळी नाशकावर छायापंथाचं राज्य होतं आणि राज्याचा कायदा एकच. पंथातल्या माणसाची सावली ज्यावर पडली ते त्याचं. पडली ती पडली, तक्रार चालणार नाही. लोकांनी एसटीडी बूथपुढं पत्रे वाढवले, स्कूटरी दिवसा स्वयंपाकघरात लावल्या. साधूही काही कमी नव्हते. भर दुपारी एकजण मठाबाहेर पडेल तर शपथ! यायचे ते सकाळी, उन्हं तिरपी असताना, म्हणजे सावली कशी लांबलचक. धट्टीकट्टी पोरंही ते अशीच गोळा करायचे, पंथात घ्यायचे आणि राबवायचे. म्हातारं माणूस दिसलं की मात्र, फुकट पोसावं लागेल म्हणून, अंग चोरून बाजूनं जायचे.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सावली चुकवायची उडी न येणारं माणूस औषधालासुद्धा सापडलं नसतं. नाथाचीच तेवढी चुकली. गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोचं कॅरेट उतरवताना त्याच्या पाठीवर महंतांची सावली पडली आणि मखमलाबादच्या मळ्यातला नाथा पंथात जाऊन छायादास झाला. घरी जायचं नाही, आईशी बोलायचं नाही. आज त्याची पहिलीच फेरी, आणि समोर नेमकी आई, धोंडाबाई.

"महाराज, तिकडं वांगी लय झकास हायेत," नाथा चाचरत म्हणाला.

"वांग्यानं मला पित्त होतं. मेथी घे."

नाथानं डोळे गच्च मिटले आणि पाऊल टाकलं. मेथी गेली, कोथिंबीर गेली. शेजारच्या लंकाबाई आणि कलाबाई पाट्या घेऊन टुणकन बाजूला झाल्या. "अगं धोंडे, ऊठ की!" लंकाबाई ओरडली. धोंडाबाई हलली नाही. नाथानं डोळे उघडले तोवर त्याची सावली आईच्या पदरावरून कपाळापर्यंत चढली होती.

"आई, सरक ना गं!" त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

"का म्हणून सरकू?" धोंडाबाई कडाडली. "पोटात वागवला तवा भ्याले नाय, आता तुझ्या सावलीला भिऊन उड्या मारू व्हय?"

महंतांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, म्हातारीवर कशाला पाडलीस?"

"पडली ती पडली, महाराज," धोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "आता मी ह्याची. हा राहतो तिथं मी राहणार. मला सकाळी गुळाचा चहा लागतो. भाकरी मऊ लागती, दात नाय राहिले. अन् गुडघ्याला रोज तेल चोळायला एक साधू द्या. हात जड असंल असा बघा."

लंकाबाईनं हे ऐकलं मात्र, सुनेच्या हातची पाणचट आमटी तिच्या डोळ्यांपुढं आली. पाटी ठेवली आणि ती सरळ नाथाच्या सावलीत मांडी ठोकून बसली. "मला बी घे रे बाबा." तिच्या पाठोपाठ कलाबाई आली. "मला मिसरी लागती, आधीच सांगते. मागनं कटकट नको." पलीकडून भागीबाई काठी टेकत निघालेली दिसली आणि महंतांचा धीर सुटला.

"आडवा हो!" ते तावातावानं पुढं आले. "नाथा, आधी आडवा हो! सावली आवर!"

नाथा बिचारा भर बाजारात उताणा पडला. सावली अंगाखाली गडप झाली, पण समोरून ऊन थेट डोळ्यांत. वर्षभर मनात दाबून ठेवलेलं सगळं तिथंच त्याच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. एवढ्यात डोळ्यांवरचं ऊन गेलं. आई वळसा घालून उन्हाच्या बाजूला येऊन उभी राहिली होती.

"महाराज, मी आता पंथातली ना?"

"काय करता! पंथातलीच," महंत कुरकुरले.

"मग माझी सावली बी चालंल. ही बघा, ह्याच्यावर पडली." धोंडाबाईनं खाली बोट दाखवलं. "आता हा माझा. अन् माझ्या पोराला मी घरी नेते."

कायदा महंतांच्याच पंथाचा, पडली ती पडली! नाथा धडपडत उठला, अंगावरची कफनी काढून त्यानं बाजूला फेकली आणि आईच्या पाट्या उचलल्या.

इकडं लंकाबाई मात्र हळूच उठून उन्हाच्या बाजूनं महंतांच्या पाठीमागं गेली होती. तीही आता पंथातलीच की! कंबरेवर हात ठेवून ती ऐसपैस उभी राहिली. आपल्या पायाशी काहीतरी काळं सरकतंय हे महंतांनी पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा उडी मारली. खडावा एकीकडं, महाराज एकीकडं. लंकाबाईनं नऊवारीचा ओचा खोचला आणि ती मागं लागली.

"लंके, राहू दे गं त्याला!" धोंडाबाईनं जाता जाता हाळी दिली. "त्याला घेशील खरी, पण रोज खायला कोण घालंल?"